ऑर्डर नसताना सिस्टर 'नाही' का म्हणते?

गेल्या पावसाळ्यात आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास तिला कळा सोसेनात. आतेभाऊ ड्यूटीवरच्या सिस्टरकडे गेला. "काल दिलं होतं तेच इंजेक्शन द्या ना," म्हणाला. सिस्टरनं केस पेपर उघडला, ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ते एकदाच द्यायचं होतं. पुढची ऑर्डर नाहीये." आतेभावाचा पारा चढला. म्हातारं माणूस विव्हळतंय आणि ही बाई कागद वाचतेय!

तिनं रात्रपाळीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते वरच्या मजल्यावर आयसीयूत अडकलेले. त्यांनी सांगितलेलं औषध, मात्रा, शिरेतून की स्नायूत, हे सगळं तिनं मोठ्यानं परत म्हणून दाखवलं. मग फोन दुसऱ्या सिस्टरच्या कानाला लावला, "तू पण ऐक गं." कागदावर वेळ टाकली, ११.४२. अ‍ॅम्प्युलवरचं, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीवरचं, नाव दोघींनी वाचलं. आणि दोन दिवस जिची वेणी घालत होती त्या आत्याला विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा बरं तुमचं." सकाळी राउंडला डॉक्टर आले तेव्हा त्या ११.४२च्या ओळीसमोर त्यांची सही घेतली.

मला तेव्हा ती निव्वळ कारकुनी वाटली. नंतर कळलं, ती स्वतःच्या नावावर काम करत होती. डॉक्टरांच्या नावावर नाही, रुग्णालयाच्याही नाही. २०२३ मध्ये परिचर्येसाठी नवा राष्ट्रीय कायदा झाला, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दोन्हींचा संबंध या रात्रपाळीशी आहे, पण त्यावरची चर्चा आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही. म्हणून हा खटाटोप.

नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे

एसटीचा चालक घ्या. त्याला नोकरी महामंडळ देतं, पण गाडी चालवायचा परवाना आरटीओ देतं. महामंडळानं काढून टाकलं तरी परवाना खिशात राहतो. परवाना गेला तर मात्र एसटी काय आणि ट्रॅव्हल्स काय, कुठलंच स्टिअरिंग हाती येत नाही.

परिचारिकेचं तसंच. दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग झालं की ती राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवते. परिषद म्हणजे त्या व्यवसायाची वही सांभाळणारी कायदेशीर संस्था. वहीत नाव कुणाचं घ्यायचं, कुणाचं खोडायचं, हे ती ठरवते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र नर्सेस कायदा, १९६६ खाली चालतं. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ठरावीक तासांचं पुढचं शिक्षण घेतल्याचं दाखवावं लागतं. केरळात नोंदणी झालेली सिस्टर मुंबईत नोकरीला आली तर तिला इथल्या वहीतही नाव घालावं लागतं.

'डॉक्टर आहेत ना, मग नर्सची वेगळी वही कशाला?'

हा प्रश्न जुना आहे, आणि गंमत म्हणजे खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही नोंदणीला विरोध होता. परीक्षेत पुस्तकी ज्ञान तपासता येईल, पण रुग्णाजवळ बसायला लागणारा स्वभाव वहीत कसा उतरवणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. पण न्यूझीलंडनं १९०१ मध्ये नोंदणीचा कायदा केला, ब्रिटननं १९१९ मध्ये. आपल्याकडे मद्रास प्रांतात १९२६ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९३५ मध्ये असे कायदे आले, आणि देशपातळीवरचा भारतीय परिचर्या परिषद कायदा १९४७ मध्ये झाला.

वहीत नाव नसलं तर काय होतं, ते एका खटल्यात स्पष्ट दिसतं. डिसेंबर १९९३. टायफॉइड झालेल्या एका लहान मुलाला खासगी रुग्णालयात दाखल केलं होतं. डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिन लिहून दिलं. नर्सनं वडिलांना लॅरिआगो आणायला सांगितलं, म्हणजे मलेरियाचं औषध. आणल्यावर तिनं ते शिरेतून टोचलं. मूल तिथल्या तिथे कोसळलं. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. चौकशीत निघालं ते असं, की ती बाई शिकलेली नर्स नव्हतीच आणि देशातल्या कुठल्याही राज्याच्या परिषदेत तिचं नाव नव्हतं. स्प्रिंग मेडोज खटला म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रुग्णालयालाच जबाबदार धरलं. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाई कायम केली.

त्या खोलीत डॉक्टरांची ऑर्डर बरोबर होती. ती आणि सुई यांच्यामध्ये जो माणूस उभा असतो, त्याला दोन नावांतला फरक कळला पाहिजे. वेगळी वही त्यासाठी.

एक चूक, चार दारं

'कारवाई झाली' असं पेपरात वाचतो तेव्हा नेमकी कुठली, हे क्वचितच लिहिलेलं असतं. दारं चार आहेत.

एक, नोकरी देणारा. तो निलंबित करतो, काढून टाकतो. दोन, परिषद. ती नाव तात्पुरतं किंवा कायमचं वहीतून काढू शकते, पण एक रुपया भरपाई देऊ शकत नाही. तीन, ग्राहक आयोग. तिथे पैसे मिळतात, परवाना जात नाही. १९९५च्या व्ही. पी. शांता खटल्यापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली, आणि नोकराच्या चुकीची भरपाई मालकानं करायची हे जुनं तत्त्व इथे लागू होतं. म्हणून नर्स चुकली तरी पैसे बहुधा रुग्णालय भरतं. चौथं दार पोलिसांचं. इथे मालक आड येत नाही. तुरुंगवास कुणाच्या वतीनं भोगता येत नाही.

चारही दारांवर 'निष्काळजीपणा' हाच शब्द ऐकू येतो, पण मोजपट्टी एक नसते. भरपाईसाठी विचारतात, त्या जागी साधारण कुशल नर्स असती तर तिनं काय केलं असतं? सर्वोत्तम नर्स नव्हे, साधारण. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र चूक ढळढळीत आणि गंभीर असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं. त्या खटल्याकडे पुन्हा येऊ.

'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं'

हे उत्तर पुरत नाही. नेमकं इथेच घरच्यांचं आणि सिस्टरचं वाजतं.

पोटॅशियम क्लोराइडचं उदाहरण घ्या. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की ते सलाईनमध्ये मिसळून हळूहळू सोडतात. तेच अ‍ॅम्प्युल थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं. आणि दिसायला ते पाण्याच्या अ‍ॅम्प्युलसारखंच, रंगहीन, निरुपद्रवी. समजा, घाईत एखाद्या डॉक्टरांनी नुसतं 'केसीएल (म्हणजे हेच पोटॅशियम क्लोराइड) द्या' म्हटलं. कसं, किती वेळात, काही नाही. शिकलेल्या नर्सनं तिथे थांबून विचारायचंच असतं. न विचारता तिनं ढकललं, तर चूक दोघांची. 'ऑर्डर होती' हा बचाव म्हणजे सिग्नल तोडून 'मालकांनी घाई करायला सांगितली होती' म्हणणाऱ्या ड्रायव्हरसारखा.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. औषध ठरवणं हे तिच्या परवान्यात बसत नाही. काल दिलेलं वेदनाशामक आज पुन्हा द्यायचं का, हे ठरवायला डॉक्टर लागतो. तिचं काम म्हणजे कळा किती आहेत, नाडी-रक्तदाब काय, शेवटचा डोस कधी दिला, हे डॉक्टरांच्या कानावर घालणं आणि ते येईनात तर पुन्हा फोन करणं. फोन केला नाही तर तो तिचा निष्काळजीपणा. स्वतःच्या मनानं औषध दिलं तर परवान्याबाहेरचं काम. मधली वाट तेवढी अरुंद.

फोनवरची ऑर्डर ही आणखी एक दुखरी जागा. रात्री ती टाळता येत नाही. म्हणून परत म्हणून दाखवायचं, साक्षीदार ठेवायचा, वेळ लिहायची आणि सकाळी सही घ्यायची. वॉर्डात जुन्या सिस्टर नव्या मुलींना बजावतात, "कागदावर नाही ते कोर्टात नाही." काही डॉक्टर सकाळी सही द्यायला कां-कू करतात, आणि तेव्हा बाविशीतल्या मुलीनं पन्नाशीतल्या सर्जनपुढे पेन धरून उभं राहायचं असतं. कायद्याच्या पुस्तकात या क्षणाला काही नाव नाही.

'एवढे पेशंट आणि एकटी सिस्टर, तर चूक तिची कशी?'

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं, सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिनामागे एक, शिवाय रजांसाठी तीस टक्के जादा माणसं. सरकारी वॉर्डात रात्री एकदा फिरून या. खाटांवरचे मोजा, जमिनीवरच्या गाद्यांवरचे मोजा, मग निळ्या-पांढऱ्या कपड्यांतल्या बाया मोजा. मामा आणि मावश्या धरू नका, त्या सफाई आणि उचलठेवीला असतात. हिशोब आपोआप लागेल.

आता जेकब मॅथ्यू खटल्याकडे. फेब्रुवारी १९९५, लुधियाना. रात्री रुग्णाला श्वास घेता येईना. मुलानं ड्यूटीवरच्या नर्सला सांगितलं, डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. ऑक्सिजनचं नळकांडं जोडलं, तर ते रिकामं. खोलीत दुसरं नव्हतं. मुलगा शेजारच्या खोलीतून ओढत घेऊन आला, तोवर वेळ गेली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नळकांडं भरलेलं नसणं ही रुग्णालयाची त्रुटी ठरू शकते आणि त्याबद्दल भरपाई मागता येईल, पण तेवढ्यावर त्या डॉक्टरांना फौजदारी गुन्हेगार ठरवता येणार नाही. यंत्रणेची चूक आणि माणसाची चूक यांच्यात न्यायालयानं रेघ ओढली.

ती रेघ दर वेळी पाळली जाते का? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. काही दिवसांत एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना अटक झाली. आग लागल्यावर त्यांनी काय केलं, काय केलं नाही, हा तपासाचा विषय. पण वॉर्डातली वायरिंग परिचारिका करत नाहीत, अग्निशमनाची तपासणीही नाही. राज्यभरच्या परिचारिकांनी तेव्हा निदर्शनं केली ती या प्रश्नावर. माझं मत विचाराल तर, जो त्या रात्री खोलीत असतो त्याला धरणं सोपं असतं. ज्याच्या टेबलावर फाइल पडून असते तो कुठल्याच रात्री खोलीत नसतो.

मग एकट्या सिस्टरनं करायचं काय? एसटीचा ड्रायव्हर ब्रेक नीट लागत नसल्याची तक्रार डेपोच्या रजिस्टरात लिहून ठेवतो, तेच. आज इतके रुग्ण, इतक्या आम्ही, अमुक यंत्र बंद, इनचार्ज सिस्टरना अमुक वाजता कळवलं. यानं माणसं वाढत नाहीत. पण पुढे चौकशी झाली तर प्रश्न वॉर्डाबाहेरही जातो. अशा नोंदी केल्यावर वरून 'हे कशाला लिहिलंत?' असा फोन येतो, हेही तितकंच खरं.

दोन वर्षं की पाच?

ही गोष्ट मी तीन वेळा वाचून पाहिली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३०४-अ होतं. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, मग तुम्ही ट्रक ड्रायव्हर असा, डॉक्टर असा की नर्स. न्याय संहितेच्या कलम १०६(१)नं ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. मात्र 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' उपचार करताना असं घडलं तर कमाल दोनच वर्षं. मग हा व्यावसायिक म्हणजे कोण, याचा खुलासा कलमातच आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य पदवी असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला.

परिचारिकेचं नाव त्या वहीत नसतं, तिची वही वेगळी. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच इंजेक्शनाबद्दल दोघांवर गुन्हा सिद्ध झाला, तर कलमाच्या शब्दांप्रमाणे डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि नर्सला जास्तीत जास्त पाच. जेकब मॅथ्यू निकालात न्यायालयानं पोलिसांना सांगितलं होतं की आधी तज्ज्ञ डॉक्टरांचं मत घ्या, सरसकट अटक करू नका. त्या सूचनांची भाषाही डॉक्टरांबद्दलची आहे. परिचारिकांनाही तोच न्याय लावा असा युक्तिवाद वकील करू शकतो, पण त्याला तो करावा लागतो. डॉक्टरांसाठी तो लिहूनच ठेवलाय.

"पाच ही कमाल मर्यादा, प्रत्यक्षात न्यायाधीश कमी देतील," असं कुणी म्हणेल. देतीलही. तरीसुद्धा ज्या कामात मरणाची शक्यता रोजची आहे, तिथे दोघांमध्ये अशी पायरी का, याला मला समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

वहीत न मावणारं

नाइटिंगेलबाईंचा आक्षेप इथे परत येतो. नियम पाळले म्हणजे नीतीनं वागलं असं होत नाही. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या खाटेवर लाल खूण करायची नाही, हे २०१७च्या कायद्यानं सांगितलं, कारण संमतीशिवाय ती माहिती उघड करता येत नाही. पण 'ओव्हर' देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती सांगताना, आवाज किती खाली ठेवायचा हे कुठलं कलम सांगणार?

परळच्या केईएमची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी या अंगानं पुन्हा बघण्यासारखी. अरुणा शानबाग तिथली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिच्यावर हल्ला झाला आणि ती कधीच भानावर आली नाही. १८ मे २०१५ला ती गेली, तोवर बेचाळीस वर्षं परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. इतकी वर्षं अंथरुणात असून तिला बेडसोर झाले नाहीत, ही बाब सर्वोच्च न्यायालयासमोरही आली. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दर दोन तासांनी वळवणं, रात्रीसुद्धा.

तिला सन्मानानं जाऊ द्यावं अशी याचिका आली तेव्हा केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. मार्च २०११ मध्ये न्यायालयानं काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली, पण अरुणाच्या बाबतीत याचिका फेटाळली. तिच्या वतीनं बोलायचा हक्क सांभाळ करणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असं म्हटलं. परिचारिकांचं बरोबर होतं का? मी अजून दोन्हीकडे हेलकावतो. पण न बोलणाऱ्या रुग्णाचं म्हणणं कोण मांडणार, यात रोज तिच्याजवळ असणाऱ्यांचं वजन न्यायालयानं मोजलं, एवढं नक्की.

२०२३च्या कायद्यानं काय होणार?

राष्ट्रीय परिचर्या आणि सूतिका (म्हणजे बाळंतपण करणाऱ्या) आयोग कायदा १९४७च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. परिषदेऐवजी आयोग, त्याखाली शिक्षणाचं, महाविद्यालयांच्या तपासणीचं आणि नीती व नोंदणीचं अशी स्वतंत्र मंडळं. देशाची एक वही आणि राज्यांच्या वह्या. नोंदणी नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आयोगाचा अध्यक्ष परिचर्येतलाच, दीर्घ अनुभवाचा असावा ही अट मला आवडली. न आवडलेली गोष्ट अशी, की जुन्या परिषदेत राज्यांतून निवडून आलेल्या परिचारिका बसत, आता भर नेमणुकांवर आहे. रुग्णांमागे किती परिचारिका हव्यात, याचं उत्तर केवळ या कायद्यानं मिळणार नाही.

घरी येणारी 'नर्स'

१९४९च्या महाराष्ट्र नर्सिंग होम कायद्यात पात्र परिचारिका योग्य प्रमाणात असाव्यात अशी अट आहे. तरी गल्लीतल्या किती नर्सिंग होममध्ये नोंदणी असलेली एक तरी नर्स रात्री असते, हे विचारायची आपल्याला सवय नाही. डॉक्टरांची पदवी बोर्डावर वाचतो, सिस्टरचा नोंदणी क्रमांक विचारणं मात्र उद्धटपणा वाटतो.

आत्याला घरी आणल्यावर मीही ब्युरोला फोन केला. "नर्स पाठवतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या एप्रनमधली एक मुलगी आली. चहा झाल्यावर चाचरतच विचारलं, तुमची परिषदेची नोंदणी आहे का? ती अजिबात रागावली नाही. "नाही काका. मी सहा महिन्यांचं जीडीए केलंय, म्हणजे रुग्णाच्या मदतनिसाचा कोर्स. आंघोळ, डायपर, वळवणं, चालवणं सगळं करेन. पण इंजेक्शन मी देत नाही, ब्युरोवाले सांगतात तरी. त्यासाठी शिकलेली सिस्टर बोलवा." आत्याचं रोज एक इंजेक्शन पोटात द्यायचं होतं, रक्त गोठू नये म्हणून. मी ब्युरोला परत फोन लावला.